सोमवारी उघडणारं फाटक

रेल्वेचं फाटक पडलं की आम्ही जालनेकर काय करतो, तुम्हाला ठाऊक आहेच. हॉर्न वाजवतो, खालून सायकली घालतो, गेटमनच्या खानदानाचा उद्धार करतो. आमचा पाहुणा मात्र माझ्या लुनावरून उतरायचा, हाताची घडी घालायचा आणि कौतुकानं फाटकाकडं बघत राहायचा. "चांगलं फाटक हाय, भाऊ," म्हणायचा. "गाडी दिसते, मंग उघडतं."

तो गाझाचा. परभणीला शेतीचं शिक्षण झाल्यावर एमआयडीसीतल्या आमच्या बियाण्यांच्या कारखान्यात सहा महिने काम शिकायला आला आणि आमच्या गल्लीत शेजारच्या काकूंच्या माडीवर भाड्यानं राहिला. सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. घरी जायची वाट एकच, इजिप्तच्या बाजूचं एक फाटक, आणि ते कधी उघडायचं हे ठरवणारी थोर माणसं त्याला विचारत नव्हती. तिकडं आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली. तिला एकदा भेटायचं, एवढंच त्याचं मागणं. "सोमवारी उघडतं," तो दर आठवड्याला सांगायचा. कुठल्या सोमवारी, हे विचारायचा आगाऊपणा आम्ही करायचो.

पहिल्यांदा निघाला तेव्हा कारखान्यानं थाटात निरोप दिला. शाल, श्रीफळ आणि साहेबांचं पाऊण तासाचं भाषण. त्यात त्याच्या देशाचं नाव दोनदा चुकलं. घरून निघताना काकूंनी तळहातावर दही-साखर घातली. त्याला ते इतकं आवडलं की चाटून झाल्यावर त्यानं पुन्हा हात पुढं केला.

बाराव्या दिवशी स्वारी परत! कैरोच्या विमानतळावर तळघरात नऊ दिवस बसवून ठेवलं आणि फाटक बंद म्हणून आल्या वाटेनं धाडून दिलं. स्वतःच्या घरी निघालेल्या माणसाची एवढी सरबराई व्हायला नशीब लागतं.

दुसऱ्या वेळी साहेबांनी आधी चौकशी केली, "मागची शाल आहे ना?" त्यानं ती इस्त्री करून आणली, आम्ही तीच पुन्हा त्याच्या खांद्यावर घातली. त्या खेपेला फाटक आधीच बंद झालं, तो मुंबईहूनच परतला. काकूंनी निरोपाच्या नारळाच्या वड्या केल्या. त्यातल्या चार त्यानंही खाल्ल्या.

पुढं तो साऱ्या कारखान्याच्या चेष्टेचा विषय झाला. त्यात पुढारी मी. तिसऱ्या निरोपाला नारळाऐवजी परतीचं तिकीट द्या, हा विनोद माझाच.

मग एके सकाळी तो बॅग घेऊन माझ्या दारात उभा. काकू लेकीकडं घनसावंगीला गेलेल्या. मी दाढी करत होतो.

"भाऊ, फोन आल्ता. तीनच दिवस उघडून राह्यलं. निघालो मी."

आणि त्यानं तळहात पुढं केला. काकू नाहीत, म्हणून माझ्यापुढं.

दही आत होतं, चार पावलांवर. पण माझ्या गालाला फेस आणि जिभेला खाज. "संध्याकाळी परत आलास की जेवणातच घे," मी म्हणालो. तो हसला. कोरडाच हात त्यानं पँटला पुसला आणि रिक्षात बसला. तो हात आठवला की मला आजही लाज वाटते.

तो परत आला नाही. आठ महिन्यांनी काकूंच्या पत्त्यावर पत्र आलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी. काकूंना मीच वाचून दाखवलं.

"पोचलो. आई एकोणीस दिवस होती. शाल तिच्यावर घातली. आता पाठीमागं फाटक बंद झालं. सोमवारी उघडतं."

काकूंनी पदरानं डोळे टिपले. मग एकदम म्हणाल्या, "मी तर घरी न्हवते. निघताना लेकराच्या हातावर दही कोनं घातलं?"

"मी," मी म्हणालो.

"लई बरं केलं बाबा," काकू म्हणाल्या. "म्हणून तर पोचला."