फोटोची दुसरी प्रत

पंचवटीतल्या आमच्या तालमीत रोज पहाटे भेटणारे ते गृहस्थ कचेरीत नकला उतरवायचे काम करीत. चाळिशीला आलेले, एका खोलीत एकटेच राहत. पोटावर स्नायूंचे पट स्पष्ट दिसावेत, हा एकच ध्यास. त्यासाठी तूप, साखर, भात सगळे सोडलेले. दोन्ही वेळा एक भाकरी, मोड आलेले मूग आणि ताक. जेवायला बोलावले की म्हणत, "नको मास्तर, सगळी मेहनत पाण्यात जाईल." सूर्यनमस्कार घालताना आकडे मोठ्याने म्हणत, जणू समोर बसून कोणी ऐकत आहे.

दीड वर्षाने पट दिसू लागले. त्यांनी फोटोवाल्याकडे जाऊन उघड्या अंगाने फोटो काढून घेतला आणि एक प्रत माझ्या हातात ठेवली.

"मला कशाला? घरच्यांना पाठवा की."

"दोन काढल्या. दुसरी कोणाला द्यावी ते सुचेना," ते म्हणाले. "भिंतीवर लावा."

असला फोटो घरात कुठे लावणार? मी तो ट्रंकेत ठेवून दिला. तालमीत ते विचारत, "लावलात का?" मी "हो" म्हणून मोकळा होई.

एका रविवारी ते न सांगता घरी आले. बसण्याआधी त्यांची नजर चारी भिंतींवरून फिरली. त्यांनी भिंतीच्या एका पोपड्याला बोट लावले आणि हलकेच म्हणाले, "बरं केलंत काढून ठेवलात ते. ओल आहे इथे. खराब झाला असता."