आईला डोंगर दाखवायचे होते

पन्नाशीला टेकली, केस पिकले, तरी गल्लीसाठी ती बारकीच होती. कारण घरात तिच्याहून मोठा दादा होता. गाड्यांच्या सीटा बांधणं हा तिचा धंदा. फोम कापायचा, रेक्झिन ताणून बसवायचं, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की दातांत दोरा धरून नुसतं हं हं करायचं.

दादा जन्मापासून अंथरुणाला खिळलेला. त्याला बोलता यायचं नाही, मान सावरता यायची नाही. आईच त्याला भरवायची, पुसायची, कूस बदलून द्यायची. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास तो गिळायचाच नाही. त्यामुळे आईचं जग म्हणजे दोन खोल्या आणि कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान. "बर्फाचे डोंगर एकदा डोळ्यांनी बघायचेत गं," असं ती चादरी पिळता पिळता म्हणायची. वडील होते तेव्हा दादालाही घेऊन जायचा बेत त्यांनी दोनदा ठरवला, दोनदा दादाला झटके आले आणि भरलेल्या पिशव्या उपसाव्या लागल्या. वडील गेल्यावर बेताचं नाव कुणी काढलं नाही.

थंडी सरता सरता दादा झोपेतच गेला. आई रडली, सावरली, आणि मग दिवसभर नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. हातांना कामच उरलं नव्हतं. ते बघवेना, तेव्हा एक दिवस बारकी म्हणाली, "आई, आता डोंगर."

आईनं हातातली चादर घडी करून ठेवली. "चल," म्हणाली, "आता काय, मोकळीच आहे मी."

मग रोज संध्याकाळी दुकान बंद करून बारकी फोनमधला नकाशा तिच्यापुढे धरायची. हमरस्ता सोडून लहान लहान गावांतून जायचं ठरलं. एक नदीकाठचं, एक घड्याळाच्या मनोऱ्याचं, आणि शेवटी खिंडीखालचं. तिथल्या लॉजच्या खिडकीतून म्हणे बर्फ दिसतो.

"संडास खोलीतच आहे ना?" आईनं विचारलं. "नाहीतर माझ्या गुडघ्यांपुढे तुझे डोंगर पाणी भरतील."

कितीतरी दिवसांनी दोघी हसल्या. गॅरेजवाल्या मित्राची जुनी गाडी बारकीनं मागून आणली. पुढची सीट उसवून आईच्या पाठीला बेतून नवी बांधली. तिला बसवलं, उठवलं, पुन्हा फोम तासला.

"लग्नाचा ब्लाऊज शिवतेयस का?" आई म्हणाली, पण मोजे मात्र तिनं स्वतः जाऊन आणले, लाल रंगाचे.

पहिला दिवस छान गेला. आईची टकळी थांबत नव्हती. ही नदी कुठे जाते, ती मेंढरं कुणाची, इथली माणसं भाजी कुठून आणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मनोऱ्याच्या गावात दोघी जेवायला बसल्या. आईनं चमच्यात भात घेतला, फुंकर मारली, ओठाला लावून पाहिला आणि चमचा शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे नेला. तो तिथेच थांबला. दोघींनीही ते पाहिलं. आईनं चमचा ताटात ठेवला आणि पुढे जेवली नाही.

गावाबाहेर एका वळणावर डोंगर अचानक समोर आले, पांढरेशुभ्र, पार आभाळाला भिडलेले. बारकीनं गाडी कडेला घेतली. आई खाली उतरली.

"अगं बाई! केवढे हे!"

क्षणभर तिचा चेहरा पोरीसारखा फुलला. मग तिनं डोंगरांकडे पाठ केली आणि गाडीचं दार घट्ट धरलं.

"गाडी फिरव, बारके."

"काय झालं? छातीत दुखतंय?"

"काही दुखत नाही. फिरव."

"अगं, आयुष्यभर याची वाट बघितलीस तू!"

"तेच तर." आई म्हणाली. "डोंगर बघायचेत म्हणायचे, तेव्हा तो बरोबर असेल असं कधी मनात आलं नाही माझ्या. तो नसेल तेव्हा जाऊ, असंच यायचं. आता तो नाही, आणि मी इथे उभी आहे. मग इतकी वर्षं मी कशाची वाट बघत होते, सांग ना."

बारकी गाडीला वळसा घालून तिच्याजवळ आली. "एक दिवस तू त्याला उपाशी ठेवलं नाहीस, आई."

"हातांनी नाही ठेवलं."

"माझ्याही मनात यायचं ते," बारकी हळूच म्हणाली.

"तू बहीण होतीस," आई म्हणाली. "मी आई."

बारकीनं लॉजवाल्याला फोन करून येत नसल्याचं कळवलं आणि गाडी फिरवली. परतीच्या वाटेवर आई डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती.

घरी आल्यावर आई थेट आतल्या खोलीत गेली. दादा गेल्यापासून बंद असलेली तिथली खिडकी तिनं उघडली आणि त्याच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

बारकी दारात उभी राहिली. "चहा टाकू?"

"नको," आई म्हणाली. "जरा बस इथे."

बारकी पायथ्याशी बसली. अंधार पडेपर्यंत दोघींपैकी कुणीही दिवा लावायला उठलं नाही.