तळमजल्यावरच्या सिस्टर

"आधी बसा. उभ्या माणसाचं मला नीट ऐकू येत नाही."

दारात कुणीही आलं की तळमजल्यावरच्या सिस्टर एवढंच म्हणायच्या आणि पायाने खुर्ची पुढे सरकवायच्या. पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर जिना झाडणारी बाई असो. खुर्ची एकच होती, वेताची. मलाही त्या तसंच म्हणाल्या होत्या. मी बसलो नाही. पुढे त्याच बाईंबद्दल मी भर सभेत खोटं बोललो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भला माणूस समजणार नाही.

हडपसरला आमची सोसायटी नवीन होती. गच्चीवरून पूर्वी उसाची शेतं दिसायची, म्हणे. आम्ही आलो तेव्हा काचेच्या इमारती दिसायला लागल्या होत्या. मी सरकारी कचेरीत नोकरीला आणि सोसायटीचा सेक्रेटरी. माझा धाकटा भाऊ नितीन अशाच एका काचेच्या इमारतीत इंजिनिअर होता आणि आमच्याकडेच राहायचा. वडील गेल्यापासून मीच त्याला वाढवलं होतं. त्याच्या गळ्यातल्या आयकार्डाचा त्याच्यापेक्षा मलाच जास्त अभिमान.

सिस्टर तळमजल्यावर भाड्याने आल्या. साठी ओलांडलेली, बुटकी, पांढरं सुती पातळ, डोक्याला चोपून तेल. मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्या, लग्न केलेलं नव्हतं. बोलणं थेट नगरकडचं. नावाची पाटी वाचली तेव्हा कळलं, ख्रिस्ती आहेत. तेव्हापासून माझी नजर त्यांच्या दारावर होती.

तुम्हीही कधी कुणावर अशी नजर ठेवली असेल, तर तुम्हाला ठाऊक असेल की मग साधं काहीच दिसत नाही. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पाच-सहा माणसं जमायची आणि पेटीवर गायची. मी जिन्यात थांबून ऐकायचो. चाल आपल्या भजनाची, आणि नाव येशूचं. मला वाटलं, ही युक्ती आहे. एकदा पाण्याच्या बिलाच्या निमित्ताने गेलो आणि टोचलंच, "चाली बऱ्या उचलल्यात आमच्या."

"उचलल्या कुठल्या? माझ्या आजोबांच्या आहेत," त्या म्हणाल्या. "आजोबा भजनात पेटी वाजवायचे. येशूकडे आले तेव्हा पेटी काय विहिरीत टाकायची होती? आधी बसा, सेक्रेटरीसाहेब."

"घाईत आहे," मी म्हणालो.

नाताळात त्यांनी सगळ्या घरांत फराळाचं ताट पाठवलं. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, वर क्रोशाचा रुमाल. मी ताट तसंच परत पाठवायला निघालो. बायको म्हणाली, "अहो, शेजारच्यांचं ताट रिकामं परत देत नाहीत म्हणून मी साखर शोधतेय, आणि तुम्ही भरलेलं परत देताय? आहात कोण तुम्ही?"

मी स्वतः नेऊन दिलं. सिस्टरांनी रुमाल उचलून पाहिला. "करंज्या बिघडल्यात का हो?"

"आमच्यात चालत नाही."

"करंजी चालत नाही? पुण्यात?" एवढं बोलून त्यांनी हसत ताट आत नेलं. हसल्या म्हणून माझा संशय आणखी वाढला. अपमान केल्यावर माणूस हसतो, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणारच, असं माझं गणित.

त्या सुमाराला अमेरिकेत काहीतरी कोसळलं आणि इकडे काचेच्या इमारतींत पोरांना एकेक करून खोलीत बोलावून घरी पाठवू लागले. मी ते पेपरात वाचत होतो. नितीन रोज सकाळी आयकार्ड गळ्यात घालून निघायचा, त्यामुळे आमच्या घरचा प्रश्न नव्हता.

एकदा पंपाचा माणूस येणार म्हणून मी रजा टाकून घरी थांबलो. भर दुपारी खाली उतरलो, तर सिस्टरांच्या दाराबाहेर नितीनचे बूट. मीच दिवाळीला घेऊन दिलेले. आतून त्याचा आवाज येत होता, आणि मध्येच सिस्टर हळू आवाजात प्रार्थना करत होत्या.

दार वाजवायला हवं होतं. निदान संध्याकाळी त्याला विचारायला हवं होतं, अरे, कामाच्या दिवशी तू इथे कसा? तो प्रश्न मला सुचलाच नाही. मला एकच सुचलं. यांनी माझा भाऊ ओढला.

मी सभा बोलावली. भावाचं नाव घेणं शक्य नव्हतं, घरची अब्रू होती. नुसत्या गाण्यावरून लोक पेटले नसते. मग मला कचरा नेणारी बाई आठवली. तिला मी एकदा पिशवी घेऊन सिस्टरांच्या घरात शिरताना पाहिलं होतं. मी उठून म्हणालो, "त्या कचरेवाल्या बाईच्या घरातले देव यांनी काढायला लावले. पिशवीत भरून इथे आणून टाकले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

सिस्टर मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. भाडेकरूंना आम्ही सभेत बसायला खुर्ची देत नसू. त्यांनी तिथूनच विचारलं, "पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गेल्या. त्यांच्या घरमालकाला आम्ही सगळ्यांनी मिळून फोन केला. कचरेवाल्या बाईचं कामही त्याच सभेत बंद झालं. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

सिस्टरांचं सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी पेटी नितीनने उचलली. सगळ्यांसमोर. वर आल्यावर मी दार लावून घेतलं.

"बाटलास ना?"

"दादा, मला नोकरी नाहीये," तो म्हणाला. "केव्हाच गेली."

रोज सकाळी निघून तो कालव्याच्या कठड्यावर जाऊन बसायचा. एक दिवस मात्र तो नुसता बसायला गेला नव्हता. तेवढ्यात सिस्टर भाजीची पिशवी घेऊन तिथून जात होत्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तू बसलेलाच आहेस, तेव्हा मीच बसते." पिशवी मांडीवर घेऊन त्या शेजारी कठड्यावर बसल्या. साठीची बाई. खाली पाणी.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, कंपनीने नेमलं म्हणून तू माणूस झालास का? त्याच्या आधी तुला कुणीतरी मन लावून घडवलंय. कंपनीला नकोस, पण त्याला अजून हवा आहेस. हे मी तुला धीर द्यायला सांगत नाही, मला हे खरं वाटतं म्हणून सांगते."

मग त्या त्याला रोज आपल्याबरोबर म्हाताऱ्या, निराधार माणसांच्या आश्रमात नेऊ लागल्या. तो तिथे लोकांना भरवायचा, नखं कापायचा, पेपर वाचून दाखवायचा. "पहिल्या दिवशी एक आजोबा म्हणाले, उद्या येशील ना? दादा, उद्या मी कुणाला हवा होतो."

इथे मला तुम्हाला सांगता आलं असतं की माझा संशय खोटा ठरला. तसं झालं नाही. नितीन म्हणाला, "मी येशूला मानतो. मनापासून." म्हणजे ज्याची मला भीती होती, ते घडलं होतं. फक्त मी ज्याला पळवून नेणं समजत होतो, ते कठड्यावरून मागे आणणं होतं. आजही तो चर्चमध्ये जातो आणि आजही मला रविवारी सकाळी थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. ते लपवून काय करू?

"बाप्तिस्मा घेतलास?"

"सिस्टरांनीच थांबवलं. म्हणाल्या, घाबरून देव धरू नकोस. आणि आधी दादाला सांग. चोरून आलेला मुलगा मला चालायचा नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आलो होतो सांगायला. तू सभेची नोटीस लिहीत होतास."

सिस्टर घोरपडीला एका खोलीत राहायला गेल्या होत्या. तिथे जायला मी पुष्कळ दिवस लावले. गेलो तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, पाठ करून गेलो होतो. मधेच पुढचं आठवेना, तेव्हा त्यांच्यासमोर खाली बसलो. त्यांनी जुडीतली अर्धी मेथी माझ्यापुढे ठेवली. "निवडत बोला, सोपं जातं."

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्हाला मी त्याच रात्री माफ केलं," त्या म्हणाल्या. "सोपं नाही गेलं. देवाशी भांडले थोडी. पण सेक्रेटरीसाहेब, त्या बाईचं काय?"

"कुठल्या?"

"तिच्या सासूने तिला घरात घेतलं नाही. देव फेकणारी म्हणून. काम गेलं ते वेगळंच. जुनी लुगडी होती हो पिशवीत. कचऱ्यातल्या काचांनी तिचे हात कापायचे, पट्ट्या करायला मीच मागवली होती." मग त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय?"

मला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी ती आमच्या दाराशी यायची.

"कांताबाई," सिस्टर म्हणाल्या. "खोटं चारचौघांत बोललात. खरं माझ्या खोलीत बोलून भागायचं नाही."

मी हो म्हणालो आणि घरी आलो. आणि टाळत राहिलो. पुढच्या सभेत, मग त्याच्या पुढच्या. तेवढ्यात सिस्टर गेल्या. नगरला भाचीकडे गेल्या होत्या, झोपेतच. शवपेटीला खांदा द्यायला नितीन गेला. मीही गेलो, पण कबरीपाशी माती टाकताना माझा हात पुढे होईना. ज्या कामासाठी त्यांनी मला परत पाठवलं होतं, ते केलंच नव्हतं.

परतल्यावर मी कांताबाईंचं घर शोधत गेलो. दार त्यांच्या सासूने उघडलं आणि बोटाने शेजारचं घर दाखवलं, कांताबाई अजून तिथेच राहत होत्या. त्या दोघींना मी पुढच्या सभेला बोलावून आणलं. लोक पाण्याच्या टँकरवरून भांडत होते. कांताबाई दाराशीच उभ्या राहिल्या, हातावर काचांचे जुने व्रण. मी माझी खुर्ची त्यांना दिली. त्या बसेनात. सासूच म्हणाली, "बस गं, देतायत तर." तेव्हा टेकल्या, अगदी कडेला.

मग मी सगळ्यांसमोर उभा राहिलो.

"कांताबाई, तुमच्या पिशवीत काय होतं ते मी पाहिलं नव्हतं. पाहिलं असं मी खोटं सांगितलं. तुम्ही देव फेकले नाहीत, सिस्टरांनी फेकायला लावले नाहीत. त्यांचं घर गेलं, तुमचं काम गेलं, ते माझ्या तोंडून गेलं. मी चुकलो. मला क्षमा करा."