बाबांची डबी

रत्नागिरी जिल्ह्यात माझ्याइतक्या घरांतून मानाने बाहेर काढलेलं दुसरं माणूस मिळणार नाही. विमा विकणाऱ्यांना निदान पायरीवरूनच परत पाठवतात. मला आत बोलवायचे, खुर्ची द्यायचे, पंखा लावायचे. कोणाची कोण, बाबा एसटीत कंडक्टर होते ते ना, आई कशी आहे, असं सगळं विचारून व्हायचं. चहा यायचा. मग मी कामाचं बोलायचे आणि घरात अशी शांतता पसरायची की चुलीवरचं दूधसुद्धा उतू जायचं थांबायचं.

"काका, तुमची शी हवी होती. एवढीशीच. डबी मी देते."

खेडकडच्या एका काकांनी हे ऐकून खुर्चीतून जी उडी मारली, ती अजून खाली आलेली नाही. त्यांच्या बायकोने मात्र मला न्याहाळून पाहिलं.

"हे कोणी शिकवलं गो तुला?"

"पुण्याला शिकतेय काकी. पीएचडी."

"एवढं शिकून?"

हे दोन शब्द मी पुढे कितीतरी उंबऱ्यांवर ऐकले. सुरुवातीला हसायचे. नंतर नंतर हसायचासुद्धा कंटाळा आला.

विषय थोडक्यात सांगते. विस्ताराने सांगितला तेव्हा माझ्या सख्ख्या मावसभावाने घोरून उत्तर दिलं होतं. आपल्या आतड्यात जिवाणूंची वस्ती असते, गणपतीच्या दिवसांत रत्नागिरीच्या बाजारात होते त्याहून दाट. शरीराचे पोलीस म्हणजे पांढऱ्या पेशी. आपलं कोण, परकं कोण, हे त्यांना शिकवण्यात या वस्तीचा मोठा हात असतो. रक्ताच्या कॅन्सरात या पेशीच बिघडतात आणि बेसुमार वाढतात. तेव्हा प्रश्न असा, की आजारी माणसाच्या पोटातली वस्ती निरोगी माणसाहून वेगळी असते का? जिवाणूंची नावं इतकी, की माणसाने ताडून बघायचं म्हटलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. म्हणून कृत्रिम बुद्धिमत्ता. तिला दोन्हीकडचे नमुने दाखवायचे, हा आजारी, हा निरोगी, असं शिकवायचं. मग न पाहिलेला नमुना पुढे ठेवून विचारायचं, आता तू सांग.

आजाऱ्यांचे नमुने इस्पितळातून मिळाले. निदान झालेलं, औषध अजून सुरू व्हायचंय, अशा मधल्या दिवसांतले. त्या माणसांबद्दल मी थापा मारत नाही. डबी मागितली की ती मुकाट्याने द्यायची आणि वर विचारायची, याने मला काही फायदा होईल का? मी म्हणायचे, तुम्हाला नाही, पुढच्यांना होईल. "मग घे," म्हणायची.

निरोगी माणसं त्याच गावांतली, त्याच वयाची हवी होती. आणि इथे मी माझी अक्कल चालवली. पुण्यातल्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, म्हणत होत्या, जमेल तसे गोळा कर. मी म्हटलं, मॅडम, कोकणातला पुरुष वर्षभर घरी सापडत नाही. सापडतो तो श्रावणाच्या सुमारास. लावणी उरकलेली असते, समुद्र खवळलेला म्हणून होड्या वर ओढलेल्या असतात, मोठ्या बोटींवर नोकरीला असलेलेही बरेचसे सुट्टी घेऊन आलेले असतात. मुंबईवाले थोडे पुढेमागे टपकतात. मॅडम खूश झाल्या. स्थानिक ज्ञान म्हणतात ते हेच, म्हणाल्या. मीही एवढी फुगले की एसटीच्या दारातून आडवी आत गेले.

तो श्रावण मी जिल्हाभर फिरले. अलोऱ्याच्या वसाहतीत छत्री मोडली, जगबुडी नदीचं पाणी चढलं म्हणून खेडच्या डेपोत बसून राहिले. मांडीवर थर्माकोलची पेटी, आत बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्यामध्ये जिल्ह्यातल्या सज्जनांच्या डब्या. गाडीत शेजारची बाई पेटीकडे बघून नाक मुरडायची.

"श्रावणात मासे घेऊन चाललीस, बाय?"

"मासे नाहीत हो."

"मग काय हाय?"

"औषधं."

मला खरं बोलायची भारी हौस, पण गाडीत जागा मिळालेली होती.

प्रत्येकाला मी जेवणाखाण्याचंही विचारायचे. प्रश्न वरून ठरून आलेला होता. शाकाहारी की मिश्राहारी? सगळे म्हणायचे, मिश्र. रत्नागिरीत दुसरं काय म्हणणार. मी खूण करायचे आणि पुढच्या घरी जायचे.

बाबांची डबी सगळ्यात शेवटी घेतली. बाबा म्हणजे श्रावणाचा चालताबोलता फलक. महिनाभर कांदा नाही, लसूण नाही, सोमवारी शेंगदाणे आणि राजगिरा. आळीतल्या सगळ्यांना ऐकवायचे, "श्रावणात मी माशाच्या चित्राकडंसुद्धा बघत नाय." आई सोवळ्यात कडक, तिलाही त्यांचा अभिमान. दुपारची झोप झाली की छत्री घेऊन भाट्याला समुद्राच्या पुळणीवर फिरायला जायचे, साखर ताब्यात राहावी म्हणून. तासा-दोन तासांनी तरतरीत होऊन परत. डबी देताना त्यांनी ती तिकिटासारखी दोन बोटांत धरून पुढे केली. "घे. सुट्टे नाहीत."

पुढचं जवळजवळ वर्ष पुण्यात संगणकासमोर गेलं. पाठीचा कणा खुर्चीच्या आकाराचा झाला. माझ्याबरोबर लागलेल्या मैत्रिणी डॉक्टर होऊन, नोकऱ्या लागून, मला लग्नाच्या आणि बारशाच्या पत्रिका पाठवून थकल्या. पण यंत्र शिकत होतं. असं शिकत होतं, की दृष्ट काढावीशी वाटे. आजारी आणि निरोगी यांचे दोन ढीग ते तांदळातून खडे निवडावेत तसे वेगळे करायचं. मॅडम फोनवर आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे फार मोठं आहे." आता फक्त बाजूला ठेवलेले, यंत्राने कधी न पाहिलेले नमुने तपासायचे. ते जमलं की प्रबंध लिहून टाकायचा आणि मी सुटले.

जमलं. सगळे बरोबर आले. एकच सोडून. एका निरोगी माणसाला यंत्राने आजारी म्हटलं, तेही छातीठोकपणे.

डब्यांवर नावं नसतात, आकडे असतात. पण तो आकडा मी माझ्या हाताने चिकटवला होता, आमच्या ओटीवर बसून.

मी कोणाला काही बोलले नाही. मिळाली ती रात्रीची गाडी पकडून सकाळी घरी आले. वाटेत हिशोब मांडत होते आणि तो दोन्ही बाजूंनी सारखाच वाईट निघत होता. यंत्र खरं असेल तर बाबा गेले. यंत्र खोटं असेल तर माझी सगळी वर्षं गेली. माणसाने अशा वेळी काय मागावं हे मला माहीत होतं, आणि मी तेच मागितलंही. फक्त मागेपर्यंत गाडीने घाट उतरला होता.

तोवर पुढचा श्रावण लागला होता. बाबा ओटीवर वरीचे तांदूळ खात बसले होते.

"बाबा, रक्त तपासायला चला."

"आता रक्त? गेल्या खेपेला वेगळंच नेलंस. एकेक करत मला अख्खा पुण्याला नेणार काय?"

"चला म्हणते ना."

माझ्या तोंडाकडे बघून ते उठले. आईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, संशोधनाचं आहे. आईने चमचा हातातच धरून माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

रक्त स्वच्छ निघालं. डॉक्टरांना मी पुन्हा बघायला लावलं, काचेवर पसरून पेशी बघायला लावल्या. ते वैतागले. "तुझ्यापेक्षा यांचं रक्त चांगलं आहे. तूच जरा लोहाच्या गोळ्या घे." बाहेर आले आणि डेपोच्या बाकावर बसून रडले. इतकी, की शेजारच्याने मला विचारलं, कोण गेलं?

"कोणी नाही हो," मी म्हटलं. "सगळे आहेत."

मग राहिला दुसरा हिशोब. यंत्राने बाबांच्यात पाहिलं तरी काय? घरी येऊन मी संगणक उघडला आणि यंत्र कोणत्या जिवाणूंवरून निवाडा करतंय ते एकेक बघत गेले. आजारी म्हणताना ते ज्यांच्यावर बोट ठेवत होतं, ते मासे-मटण खाणाऱ्यांच्या पोटात फोफावणारे. निरोगी म्हणताना ज्यांच्यावर, ते डाळी-भाज्यांवर जगणारे. मला काही उमगेना. खाणं तर सगळ्यांचं सारखंच होतं, सगळ्यांनी मिश्र सांगितलं होतं. आतून आईचा आवाज आला, "आज सोमवार आहे हां, चहाबरोबर बिस्किट खाऊ नकोस."

मी बिस्किट तसंच हातात धरून बसले.

माझा एकूण एक निरोगी माणूस मी श्रावणात गाठला होता. आजारी लोक वर्षभरातले होते, आणि श्रावणात सापडले त्यांनाही डॉक्टरांनी बजावलं होतं, ताकद हवी, अंडी खा, मासळी खा. यंत्राला कॅन्सरचं काडीचं काही कळलं नव्हतं. त्याला श्रावण कळला होता. आणि तो मला दिसला नाही, कारण मी जन्मापासून त्याच्यात बसलेली होते.

पण मग बाबा? ते तर माशाच्या चित्राकडंसुद्धा बघत नाहीत.

तेवढ्यात उत्तर छत्री घेऊन ओटीवरून उतरलं. "जरा भाट्याला फिरून येतो गो."

मी चपला घातल्या आणि लांबून मागे निघाले. भाट्याचा पूल ओलांडला. बाबा पुळणीकडे वळलेच नाहीत. नारळाच्या बागांच्या कडेने आत शिरले, ते थेट चाचांच्या घरात. चाचा म्हणजे बाबांचे उभ्या नोकरीतले ड्रायव्हर. एकाने बेल मारायची, दुसऱ्याने गाडी हाणायची, असा त्यांचा संसार माझ्या आईबाबांच्या संसारापेक्षा जुना.

दारात पोचले तेव्हा बाबांच्या पुढ्यात ताट होतं. खाडीच्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यातल्या मासळीचं, सुकं आणि तांदळाची भाकरी. शिंपल्यांचा ढीग बघता ते मघापासून नव्हे, गेल्या जन्मापासून जेवत असावेत.

"बाय," बाबा म्हणाले, "चाचाचं मन मोडवत नाय म्हणून..."

"झूट, बेटा!" चाचा आतून ओरडले. "सकाळी स्वतः फोन केलान, आज काय हाय म्हणून. दर श्रावणात हेच. बाकीचे अकरा महिने मेला फिरकत नाय!"

"तू गप रे. तुला गाडी चालवायला ठेवला होता."

"आणि तुला बेल मारायला. मार आता डबल बेल आणि पळ!"

मी हसायला लागले आणि मला थांबवता येईना. चाचांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मी दोघांना सगळं सांगितलं. डबी, यंत्र, रक्त का तपासलं ते, आणि श्रावण. चाचा म्हणाले, "म्हणजे मशीनने याला रंगेहाथ पकडला!" आणि मांडीवर थाप मारली. बाबा हसले नाहीत. एक शिंपला बोटांत फिरवत राहिले.

"म्हणजे मी बरा हाय म्हणून तुझं सगळं गेलं."

"तसं नाही, बाबा."

"तसंच हाय. मी आजारी निघालो असतो तर झालं असतं ना तुझं?"

"ओ, गप बसा."

"नाय, विचारतो."

"झालं असतं," मी म्हटलं. "आणि खोटं झालं असतं. कोणीतरी पुढे त्यावरून आजारी माणसं तपासली असती."

चाचांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. मला भूक नव्हती, पण नको म्हणायचंही त्राण नव्हतं. सोमवार होता. मी भाकरी मोडली.

"आता काय करणार?" बाबांनी विचारलं.

"परत सगळ्यांच्या दारात. दिवाळीनंतर, सगळे मासे खायला लागले की."

"मी येतो बरोबर. डेपोतले सगळे मी गाठतो. तिकिटाशिवाय एकाला सोडला नाय कधी, डबीशिवाय सोडीन काय?" मग आवाज खाली आणून, "पण हे... आयशीला?"

"मॅडमना तर सांगावंच लागेल. प्रबंधात लिहावं लागेल, एक निरोगी माणूस श्रावण पाळत नव्हता म्हणून चूक सापडली."

"लिही. इंग्रजीत हाय ना? बिनधास्त लिही. मराठीत तेवढं नको लिहू."

मी बरं म्हटलं.

परतताना पुलावर वारा सुटला होता. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी उचलला तोच उत्साहात. "अगं, तो एक नमुना का चुकला, काही कळलं का?"

"कळलं, मॅडम," मी म्हटलं. "बाकीचे सगळे बरोबर का आले, तेही कळलं."

मग श्रावणापासून सुरुवात केली. मी फोन कानाला धरून चालत राहिले. बाबा पुढे होते, छत्री वाऱ्यावर तिरकी धरून, असे भराभरा चालत की मला त्यांना गाठता येईना.