भिंतीवरची पहिली बायको

टीव्हीवर मला मिळालेलं पहिलं काम मेलेल्या बाईचं होतं. तेही मालिका सुरू व्हायच्या आधीच मेलेल्या. मरण्याचा प्रसंग असता तर निदान दोन उचक्या, एखादं अर्धवट वाक्य वाट्याला आलं असतं. तसलं काही नव्हतं. मी होते फोटोत. नायकाच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या वरच्या भिंतीवर, चंदनी हार घालून हसत.

त्याचं असं झालं. कॉलेज संपता संपता आमच्या नाटकाच्या ग्रुपकडून मी स्पर्धेत एका खवट म्हातारीचं काम केलं. मालिकांसाठी नट निवडणाऱ्या एक बाई ते बघायला आल्या होत्या. त्यांनी माझा नंबर घेतला आणि पुढे खरंच फोन आला. नायकाच्या पहिल्या बायकोचं काम, शूटिंग नाशिकजवळच्या एका बंगल्यात. पप्पांनी चिकलठाण्याच्या कंपनीतून रजा टाकली आणि आम्ही दोघं एसटीनं निघालो. वाटेत पप्पांनी कंडक्टरला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, शेजारी बसलेल्या आजोबांना तर दोनदा सांगितलं. बंगल्यात मला हिरवी साडी नेसवली, खिडकीपाशी उभं केलं आणि फोटोग्राफर म्हणाला, "हसा." मी हसले. "एवढं नको. तुम्ही आता नाही आहात, तसं हसा."

तसं कसं हसतात ते मला आजही सांगता येणार नाही. पण मी काहीतरी हसले आणि त्याला ते पटलं. मला चहा मिळाला, काम संपलं. माझे सीन कधी, असं मी विचारलं तेव्हा प्रॉडक्शनचे एक गृहस्थ कानाचा फोन न काढता म्हणाले, "फ्लॅशबॅक येणार ना! मोठा ट्रॅक आहे तुमचा. केस कापू नका, जाड-बारीक होऊ नका, दुसरं काम घेऊ नका. कधीही बोलावू."

त्या 'कधीही'वर मी दिवाळीपासून होळीपर्यंत जगले.

दिवाळी झाल्या झाल्या आमच्या ग्रुपचं नवं नाटक ठरलं. मुकुंदवाडीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी, प्रयोग थेट उन्हाळ्यात. दिग्दर्शक म्हणजे आमचे सर. त्यांच्या शब्दाला आम्ही सगळे घाबरायचो, कारण ते रागावले की ओरडत नसत, नुसते चष्मा पुसत. त्यांनी मुख्य काम मला देऊ केलं. आणि मी, दोन ओठांत न मावणाऱ्या ऐटीत म्हणाले, "सर, माझ्या डेट्स ब्लॉक आहेत."

"कुठल्या?"

"ते अजून कळवलं नाही."

सरांनी चष्मा पुसला. माझं काम दुसऱ्या मुलीला गेलं. ती बरी होती. बरी होती म्हणूनच मला जास्त जळजळ झाली.

मग मी वाट बघायला लागले. वाट बघणं म्हणजे बसून राहणं असं लोकांना वाटतं. माझ्या बाबतीत ते नव्हतं. मला एका जागी बसवेना. गच्चीवर जायची, तिथं रेंज कमी म्हणून खाली यायची, खाली आई काही ना काही काम सांगेल म्हणून परत वर. मोबाइल हातात घेऊन अंघोळीला. दुकानात गेले तर अर्ध्या वाटेतून परत, कारण आत्ताच फोन आला आणि गाडीच्या आवाजात ऐकू नाही आला तर? केस वाढून वाढून त्यांच्या टोकांचा झाडू झाला, पण टोकंसुद्धा कापली नाहीत. फ्लॅशबॅकमध्ये केस फोटोतल्यासारखेच हवेत ना. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय हे मला भिंतीवर टांगल्यावर कळलं.

संध्याकाळी मालिका लागली की पप्पा हात-पाय धुऊन समोर बसत. त्यांना कथेशी देणंघेणं नव्हतं. कॅमेरा सोफ्याकडे वळला की ते म्हणत, "आली!" अन् कॅमेरा हलला की चहाचा घोट घेत. आईचं उलटं. कॅमेरा सोफ्याकडे वळला की ती तोंड फिरवायची. "जित्या पोरीला हार घालत असतेत काय? कोन्या शानपटीचं काम हे!" असं म्हणत ती मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या मुठीत घेऊन माझ्याभोवती फिरवायची आणि तव्यावर टाकायची. ठसका लागला नाही की म्हणायची, बघ, किती लागलीये तुला! ठसका लागला की म्हणायची, बघ, अजून थोडी राहिली. गल्लीत मिरच्यांचा वास सुटला की शेजारणींना कळायचं, मालिका संपली.

नायक रोज माझ्याशी बोलायचा. दुसरं लग्न करू का, विचारायचा. आईशी भांडून माझ्यापुढे येऊन रडायचा. चांगला रडायचा, मेला. मी हळूहळू त्याला उत्तरं द्यायला लागले. आधी मनात, मग पुटपुटत, मग चक्क मोठ्यानं. "कर की लग्न, मला काय विचारायलास? जिवंत होते तव्हा कधी विचारलंस?" पप्पा हसायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "टीव्हीला बोलू नको, येडी म्हणतील." मला ती वाक्यं बोलताना बरं वाटायचं आणि बोलून झाल्यावर आणखी वाईट. कारण टीव्हीतली मी तशीच हसत असायची, नसल्यासारखी.

होळीच्या आसपासची गोष्ट. दुपार होती, पप्पा पहिली पाळी करून नुकतेच आले होते. गल्लीच्या तोंडाकडून एका बाईचा आवाज आला. लांब हेल काढून रडण्याचा. आमच्याकडच्या बाया कुणाच्या मयतीला आल्या की गल्लीच्या टोकापासून सुरू करतात आणि गेलेल्या माणसाचे गुण एकेक करून त्या हेलात गुंफतात. मी गच्चीवर होते. कोण गेलं म्हणून कठड्यावरून वाकले.

"माही बोलकी साळुंकी गं... बाजंवर उभी राहून पुढाऱ्यावानी भाषन ठोकायची गं... मेंढराच्या डाक्टरची नक्कल आता कोन करील गं माय..."

मेंढराच्या डॉक्टरची नक्कल मी करायची. लहानपणी, सुट्टीत चुलत्याच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, गेले की. आमची चुलती होती ती, पप्पांच्या चुलत भावाची बायको, आणि तिच्या मागं खांद्यावर घोंगडी टाकलेला, मान खाली घातलेला चुलता. आमचे आजोबा शहरात आले, कंपनीत लागले; ते लोक अजून मेंढरांमागं फिरतात. तेव्हा त्यांचा तळ पैठणच्या अलीकडे कुठल्याशा शेतात पडला होता.

मी जिन्यावर थांबले. खरं सांगायचं तर मला लगेच खाली जावंसं वाटलं नाही. मला पुढचं ऐकायचं होतं. चुलती माझं सगळं काढत होती. मी कोकराला अंगरखा घालून त्याचं लग्न लावलं होतं ते. मी सात माणसांच्या सात आवाजांत जेवायला हाक मारायची ते. आणि "गोल गोल भाकर थापायची गं माही बाय," हेही. भाकरी मला आजतागायत धड थापता येत नाही, पण रडणाऱ्या बाईला तेवढी सूट असते. इतक्या महिन्यांत माझ्याबद्दल कुणी एवढं बोललं नव्हतं. मला हुंदका आला. स्वतःच्याच मयतीत मी जिन्यावर बसून रडले.

आईनं दार उघडलं आणि ती घाबरून ओरडली, "कोन गेलं वं?" चुलती तिच्या गळ्यात पडली. "आता मलाच इचारतीस व्हय!" तेवढ्यात मी खाली आले.

चुलतीचा आवाज मधल्या मधे तुटला. तिनं मला बघितलं, जवळ आली, गालाला हात लावून पाहिला आणि त्याच गालावर सणसणीत एक वाजवली. मग मला असं आवळून धरलं की श्वास घेता येईना. तिच्या लुगड्याला मेंढरांचा आणि धुराचा वास होता.

मग उलगडा झाला. चुलता आदल्या संध्याकाळी पैठण रस्त्याच्या एका हॉटेलात चहाला थांबला होता. टीव्ही चालू, आवाज बंद. त्यात त्यानं मला बघितलं, हार घातलेली, आणि पुढ्यात एक बाप्या रडतोय. चहा तसाच टाकून तो वाड्यावर गेला.

"अरे फोन तरी करायचा!" पप्पा म्हणाले.

"असली गोष्ट फोनवर इचारत असतेत?" चुलता उखडलाच. "पोरगी गेली का रं तुही, असं इचारू? माणसानं जायाचं असतंय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "का हिला कावळा शिवला व्हता? म्हनून टीव्हीतून सांगावा धाडला मेल्याचा?"

उडता कावळा अंगाला शिवला तर नातेवाइकांना मेल्याची खोटी बातमी कळवायची, त्यांनी रडायचं, म्हणजे खरं संकट टळतं, अशी आमच्यात रीत आहे. हे ऐकल्याबरोबर आईच्या तोंडावर असा उजेड पडला की बघत राहावं. "व्हय की!" ती म्हणाली. "रडून झालं. खरं रडून झालं. आता काय नाय होत हिला." त्या दिवसापासून तिनं एक मिरची जाळली नाही. मलाच मेलीला थोडी हुरहूर लागली.

संध्याकाळी सगळे मालिका बघायला बसले. चुलता-चुलतीला आता पोरीचं काम बघायचंच होतं. चुलती टीव्हीच्या अगदी पुढ्यात, फरशीवर. कॅमेरा सोफ्याकडे वळला. पप्पा म्हणाले, "आली!" नायक आला, फोटोसमोर उभा राहिला आणि त्या दिवशी नेमका खूप वेळ बोलला. चुलतीनं तोंडाला पदर लावला होता. तो थांबला की ती माझ्या फोटोकडं बघायची, आता ही बोलेल म्हणून. परत तोच बोलायचा. शेवटी तिला राहवलं नाही. "आरं, तिला बी बोलू दे की जरा!"

भाग संपला. जाहिराती लागल्या. चुलती माझ्याकडं वळली.

"मंग तू कव्हा बोलतीस?"

"फ्लॅशबॅक येणारे, काकी. म्हणजे मी मरायच्या आधीची गोष्ट. ती दाखवणारेत."

"कव्हा?"

"बोलावतील ते."

तिनं थोडा विचार केला. मला चिडवायचं तिच्या मनात अजिबात नव्हतं, म्हणून तर ते इतकं लागलं. "म्हंजी आदी जगलीच नाय व्हय तू? डायरेक मेलीस?"

पप्पांनी टीव्ही बंद केला. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तोंड धुता धुता मला राग आला. चुलतीचा नाही, नायकाचा नाही. माझा. दिवाळीपासून मी ज्या बाईची राखण करत होते, तिचे केस, तिचं वजन, तिच्या तारखा, तिला एक शब्दही कुणी लिहिलेला नव्हता.

सकाळी चुलता-चुलती मेंढरांकडे गेले आणि मी प्रॉडक्शनला फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. आपली अडचण होईल याची कल्पना आहे, पण मी यापुढे तारखा राखून ठेवू शकत नाही, वगैरे. पलीकडे एक मुलगी होती.

"कोण बोलतंय?"

"मी पहिली बायको."

"कुणाची?"

मी नायकाचं मालिकेतलं नाव सांगितलं.

"अच्छा, फोटो! बोला ना."

मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. केस कापणार आहे, हेही सांगितलं. एवढ्या वेळात मला वाटत होतं की ती म्हणेल, थांबा, सरांना विचारते. आता सांगते, मला तसं वाटतच होतं. अगदी शेवटपर्यंत वाटत होतं.

"हो हो, कापा ना," ती म्हणाली. "काहीच प्रॉब्लेम नाही. फोटो आहे ना आपल्याकडे."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. केस कापायला मी थांबलेच नाही, तशीच रिक्षा करून मुकुंदवाडीला गेले. हॉलमध्ये तालीम चालू होती. सर मला बघून चष्मा पुसायला लागले. मी म्हटलं, "सर, कसलंही काम द्या. झाडू मारणारीचं द्या. फक्त बसायला सांगू नका."

"जित्या माणसांची सगळी कामं वाटून झाली," सर म्हणाले. त्यांना माझ्या मालिकेबद्दल सगळं माहीत होतं तर. "प्रॉम्प्टिंग आहे. विंगेत उभं राहावं लागेल. दिसणार नाहीस कुणाला."

मी पायऱ्या चढून विंगेत गेले. कुणीतरी संहिता हातात दिली. पडद्याला धुळीचा वास होता आणि माझी छाती धावत आल्यासारखी वर-खाली होत होती. रंगमंचावर ती बरी मुलगी माझं काम करत होती. तिचं एक मोठं वाक्य होतं, ती निम्म्यात अडली आणि तिनं विंगेकडं पाहिलं. प्रॉम्प्टरनं पुढचा एक शब्द द्यायचा असतो, तोही फक्त नटाला ऐकू जाईल एवढा. मी अख्खं वाक्य दिलं. तिच्या पुढचंही दिलं. हॉलच्या शेवटच्या खिडकीवरची कबुतरं उडाली.

"प्रॉम्प्टर!" सर खालून म्हणाले. "आवाज बाहेर येतोय."

"येऊ द्या की सर थोडा," मी म्हणाले.