पंख्याखालची मोकळी जागा

दुपार कलली की आमच्या गाळ्यात उजेड पिवळा होतो. वरच्या काचेतून तो पुठ्ठ्याच्या थप्प्यांवर, खळीच्या पातेल्यावर, बायकांच्या हातांवर असा काही सांडतो की बसल्या जागी गुंगी यावी. मी तर कित्येकदा अर्धी झोपेतच असते. हात खळ लावत असतात आणि डोकं डिलाईल रोडच्या आमच्या जुन्या खोलीत भटकत असतं. चिंचपोकळी स्टेशनामागचा हा मिठाईच्या खोक्यांचा कारखाना मी आणि माझा मोठा भाऊ, दादा, मिळून चालवतो. कारखाना म्हणायचं आपलं. एक गाळा, दारापाशी कटिंग मशीन, मागच्या भिंतीशी चिकटवणाऱ्या चार बायका आणि आम्ही दोघं. दोघांचीही डोकी गरम.

गेल्या वर्षी घरोघर गणपती बसले तरी आमची शेवटची खोकी दादरला पोचायचीच होती. तिथले मिठाईवाले शेठ आमचं सगळ्यात जुनं, आणि खरं सांगायचं तर एकच मोठं गिऱ्हाईक. यंदा त्यांनी दादाला दुकानात बसवलं, हातावर पेढा ठेवला आणि सांगितलं, "या खेपेला उशीर झाला तर पुढच्या वर्षी मोठ्या कारखान्यातली, मशीनवर बनलेली खोकी घेणार." शेठ गेले की गाळ्याला कुलूप, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दादा तो पेढा तसाच हातात घेऊन परत आला. माझ्यासमोर ठेवला आणि पुठ्ठे कापायला लागला. मला रडूच आलं.

म्हणून दादाच्या मुलीला बोलावलं. ती चाकणला गाड्यांच्या कारखान्यात आहे. काम कुठे अडतं, वेळ कुठे वाया जातो ते शोधायचं, हीच तिची नोकरी. आली ती हातात खडू घेऊन. जो कोणी उठून चालेल त्याच्या मागोमाग वाकून जमिनीवर रेघ ओढायची. पुठ्ठा घेऊन मागे गेलं, रेघ. चिकटलेली खोकी घेऊन दाराशी आलं, रेघ.

माझं टाळकं सटकलं. "अगो बाय! काल हिचा शेंबूड पुसत होते मी, आज ही मला चालायला शिकवते!"

"आत्या, तू चाल ना. मी फक्त बघतेय."

"गाड्यांच्या कारखान्यात चालत असेल हे," दादा मशीनवरून गुरगुरला. "आपल्याकडे असंच असतं." चिकटवणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. चालणं कमी झालं तर आपल्यातलीच एखादी कमी करतील, ही त्यांची धास्ती. भाचीने त्यांना दहादा सांगितलं की कोणालाही काढायचं नाही. पण विश्वास कोण ठेवतो!

लोकांना वाटतं, छोटे धंदेवाले अडाणी, म्हणून सुधारत नाहीत. तसं नसतं हो. सुधारा म्हटलं की आम्हाला ऐकू येतं ते एवढंच की इतकी वर्षं तुम्ही येडेपणा केलात. मग नाकाला मिरच्या झोंबतात. आणि त्याच्याही खाली काहीतरी असतं, जे आमचं आम्हालाही ठाऊक नसतं. मला तरी ते त्या संध्याकाळी कळलं.

बायका घरी गेल्या होत्या. पिवळा उजेड विझत आला होता. जमीन रेघांनी भरून गेलेली, कोणा पोरीने रांगोळी घालताना चिडून सगळी विस्कटावी तशी. फक्त मधोमध, पंख्याखाली, एक लांबट तुकडा कोरा होता. एक रेघ त्यावरून गेली नव्हती. प्रत्येक पाऊल तिथवर येऊन वळलं होतं.

"पप्पा, इथे काय आहे?" भाचीने विचारलं.

"काही नाही."

"मग सगळे वळसा घालून का जाता? चिकटवायचं टेबल इथे आणलं तर अर्धं चालणं वाचेल."

"पंख्याखाली खोकी सुकायला ठेवता येतात. म्हणून मोकळं ठेवलंय."

"पण एकही खोकं ठेवलेलं नाही इथे."

"तिथे काही येणार नाही!" दादा एवढ्यांदा ओरडला की तो स्वतःच दचकला.

मी वर पंख्याकडे बघितलं. जुन्या खोलीत एकच पंखा होता, मधोमध. बाबांची गिरणी बंद पडली तोवर कापसाच्या धुळीने त्यांची छाती गेली होती. वारा लागावा म्हणून त्यांची खाट पंख्याखाली, खोलीच्या ऐन मध्यात. आई दाराशी पुठ्ठे कापायची, आम्ही भिंतीशी बसून खोकी चिकटवायचो. बाबा उंच, त्यांचे पाय खाटेबाहेर यायचे. थप्पी घेऊन जाताना आम्ही म्हणायचो, "बाबा, पाय घ्या जरा." ते खोकत खोकत पाय जवळ घ्यायचे आणि हसायचे. ते गेल्यावर आम्ही गाळा घेतला. सामान दादाने लावलं. मी हो म्हटलं. दाराशी कटिंग, मागे भिंतीशी चिकटवणं, मधे पंखा. मांडणी कुठून आली, कोणी विचारलंच नाही.

"दादा," मी म्हटलं, "खाट."

तो खुर्चीत बसला. "मी मुद्दाम नाही गो केलं," एवढंच म्हणाला. भाचीला आम्ही सगळं सांगितलं. तिने आजोबांना पाहिलेलंच नाही. तिने खडू खिशात टाकला आणि टेबलाचा विषय पुन्हा काढला नाही.

खोकी यंदा वेळेत गेली, ते सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. चारही बायका अजून आहेत. पण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ती दुसऱ्या दिवसाची सकाळ.

दादा माझ्या आधी येऊन बसला होता. मला बघून उठला आणि म्हणाला, "धर." चिकटवायचं टेबल त्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. मोकळ्या जागेच्या कडेला आलो आणि तो थांबला.

"अरे ठेव ना मेल्या, हात तुटतायत माझे!"

तो हलेना. मग खाली बघत, त्या खोलीतल्या पोरगेल्या आवाजात म्हणाला, "बाबा, पाय घ्या जरा."

बाबांना पाय जवळ घ्यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ आम्ही टेबल तसंच धरून उभे राहिलो. मग हळूच खाली ठेवलं.