सुमनचं औषध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — सख्ख्या भावालासुद्धा नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणूनच कदाचित जीभ रेटतेय.

सुमन माझी बायको. आमच्या घराच्या वास्तुशांतीला, पंगत बसलेली असताना, पाचोडहून तिच्या दादाचा मला फोन आला. सासरे अखेरच्या घटकेला, लेकीचं नाव घेत होते. वाळूजच्या माझ्या कंपनीतली अर्धी शिफ्ट जेवायला, साहेब पानावर — पंगत कशी उठवायची? मी फोन खिशात टाकला. संध्याकाळी सगळे गेल्यावर तिला म्हटलं, आत्ताच फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यात ती खचली. खाणं नाही, बोलणं नाही. गोळ्या बदलून बदलून झाल्या. शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी केटामाइन सुचवलं — भुलीचंच औषध, पण कमी मात्रेत, दवाखान्यातच, सलाइनमधून. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, म्हणाले; त्या वेळी भास होतात, पण थोड्या वेळानं ओसरतात.

सुमनला लागू पडलं. एका सकाळी तिनं आपणहून वेणी घातली, मला चहाला हाक मारली. मला रडू फुटलं — हे तरी खोटं नाही.

डोकं हलकं झालं तशी ती विचारू लागली. "दादा म्हणतो, फोन दुपारीच केला व्हता. खरं का वो?"

काय सांगणार होतो मी? म्हटलं, दादा असं बोललाच नाही. औषधानं तुला भास होतायत. दादाला परत विचारायची तिला लाज वाटली — येडी म्हणेल म्हणून.

एवढ्यावर तरी थांबलो का? नाही. आपल्याकडं डॉक्टर पेशंटच्या आधी नातेवाइकालाच विचारतात. ती शेजारीच बसलेली, आणि मी सांगितलं — घरीसुद्धा हिला दिवसदिवस भास होतात, कुणी न बोललेलं ऐकू येतं. डॉक्टर सावध माणूस. त्यांनी ते औषध बंद केलं. सुमननं हात जोडले. "बरं झालं डॉक्टर, मला तर कळतच नव्हतं."

आता ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडून असते. गुण आलेली बाई मी परत आजारात लोटली, भित्रेपणानं, दुसरं काही नाही.

परवा दूधवाल्यानं हाक मारली. ती उठली, पण दाराकडं न जाता माझ्याकडं आली. "खरंच हाक मारली का वो? का मलाच भास झाला?"

मी म्हटलं, खरंच मारली. तरी ती दार उघडायला गेली नाही.